मदत हवी आहे: नव्या लॅपटॉपवर विंडोज ७ बसत नाही (डीटीपीचं लॉक जुनं आहे)

खिळेजुळारी

नमस्कार मंडळी. बार्शीत आमचं डीटीपीचं दुकान आहे, मागच्या खोलीत एक मिनी ऑफसेट. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, वर्षाला एखादी स्मरणिका. सगळं काम पेजमेकर ७ या पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्रॅमवर, सोबत मराठी टायपिंगचं एक जुनं पॅकेज. त्याला यूएसबीचं लॉक लागतं, म्हणजे परवान्याची खूण म्हणून लावायचा पेनड्राइव्हसारखा तुकडा. लॉक नसेल तर कीबोर्डातून मराठी उमटतच नाही.

हे सगळं ज्या डेस्कटॉपवर आहे तो आता अखेरच्या घटका मोजतोय. विंडोज ७, ३२-बिट, २ जीबी रॅम. एसएमपीएस दोनदा बदलला, बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेत. सकाळी चालू करताना आधी हात जोडतो, मग बटण दाबतो. पॅकेजवाल्यांना फोन केला तर म्हणाले जुन्या लॉकला आता काही मिळणार नाही, नवं घ्या. किंमत ऐकून फोन ठेवला.

म्हणून नवा लॅपटॉप घेतला. १३व्या पिढीचा आय५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई (नव्या, वेगवान पद्धतीची) डिस्क, विंडोज ११. पॅकेजची सीडी पेनड्राइव्हवर उतरवून सेटअप चालवला, तर "हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही" एवढंच येतं. मग ठरवलं, सरळ विंडोज ७ टाकू. रुफस नावाच्या साधनाने विंडोज बसवायचा पेनड्राइव्ह बनवला. आधी बूटच होईना, म्हणून बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम चालू होऊ न देणारी सोय) बंद केलं. आता पेनड्राइव्ह चालू होतो, "स्टार्टिंग विंडोज" येतं आणि तिथेच गोठतं. अर्धा तास थांबून पाहिलं. लीगसीचा, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करायचा, पर्याय बायोसमध्ये दिसत नाही. यूएसबी ३ चे ड्रायव्हर घातलेली आयएसओ एकाने दिली, तिचंही तेच.

वर आणखी एक भानगड. पेनड्राइव्ह काढून विंडोज ११ चालू करायला गेलो तर निळा पडदा आणि ४८ आकडी की मागतोय! भाच्याच्या ईमेलवरून लॅपटॉप सुरू केला होता, त्याच्या खात्यात ती सापडली. तोवर माझा सदरा ओला झाला होता.

नेमकं काय चुकतंय? दिवाळीच्या आधी हे मार्गी लागायला हवं.

डबा_दुरुस्ती

तुमचं काही चुकत नाहीये, यंत्रच तसं आहे. विंडोज ७ आलं २००९ साली. यूईएफआयवर, म्हणजे जुन्या बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीवर, त्याची ६४-बिट आवृत्ती बूट होते, पण पडद्यावर चित्र काढायला तिला जुन्या बायोसमधली व्हिडिओची सोय लागते. नव्या यंत्रांत ती सोय सीएसएम नावाच्या दुभाष्याकडून मिळायची. इंटेलने २०१७ सालीच सांगून टाकलं होतं की २०२० पर्यंत हा दुभाष्या घरी जाणार. तुमच्या लॅपटॉपात तो नाही, म्हणून लीगसीचा पर्यायही नाही आणि म्हणूनच तो लोगोवर गोठतो. यूएसबीचे ड्रायव्हर कितीही घाला, गाडी त्या स्टेशनापर्यंत पोचतच नाही.

यातून पळवाट काढणारी साधनं आहेत, यूईएफआयसेव्हन वगैरे. चित्र दिसेलही. पण पुढे एनव्हीएमईसाठी वेगळा हॉटफिक्स, शिवाय ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपांत डिस्क व्हीएमडी नावाच्या पडद्याआड असते, ती विंडोज ७ ला दिसणार नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नाही. वायफायचा नाही.

ते ४८ आकडी प्रकरण बिटलॉकरचं, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीचं. सिक्युअर बूटला हात लावला की त्याला वाटतं कोणीतरी घर फोडतंय. सिक्युअर बूट परत चालू करा आणि ती की वहीत लिहून ठेवा. भाच्याच्या भरवशावर राहू नका.

जुनं_ते_जुनंच

मी हे करून बसलोय म्हणून सांगतो. माझा लॅपटॉप ८व्या पिढीचा होता, त्यात सीएसएम होता. म्हणजे तुमच्यापेक्षा माझं नशीब चांगलं. इन्स्टॉलरमध्ये ना कीबोर्ड चाले ना माउस, कारण विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर मुळातच नाहीत आणि इंटेलच्या ६व्या पिढीपासून जुना यूएसबी २ चा कंट्रोलरच काढून टाकलेला. ते जमवलं. एनव्हीएमईचा हॉटफिक्स जमवला. शेवटी डेस्कटॉप दिसला तेव्हा घरात पेढे वाटायचे बाकी होते.

मग कळलं, ब्राइटनेस कमी होत नाही. झाकण मिटलं की झोपतो, उठत नाही. टचपॅडवर दोन बोटं ठेवली तर काहीच नाही. वायफायसाठी बाहेरून यूएसबीचा तुकडा. अपडेट मागवले तर म्हणे तुमचा प्रोसेसर या विंडोजला चालत नाही. तीन महिन्यांत परत विंडोज १० टाकलं.

विंडोज ७ च हवं असेल तर ४थ्या पिढीचा, साधारण २०१३-१४ चा कंपनी-वापरातला जुना लॅपटॉप घ्या. सगळे ड्रायव्हर मिळतात.

खिळेजुळारी

जुना लॅपटॉप घ्यायचा तर नव्याचे हप्ते कशासाठी भरतोय, असं घरात विचारलं जाईल राव. विंडोज १० चं ३२-बिट चालेल का? त्यात जुने सेटअप उघडतात असं ऐकलं.

डबा_दुरुस्ती

ऐकलंत ते बरोबर, पण तुमच्या यंत्रावर तेही चढणार नाही. ६४-बिट यूईएफआयवर ३२-बिट विंडोज बूट होत नाही. आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

यातच खरी गोम आहे, काका. तुमच्या पॅकेजचा सेटअप बहुधा १६-बिटचा आहे. असले सेटअप कुठल्याच ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत. लॉकचा ड्रायव्हर ३२-बिट असेल तर ६४-बिट विंडोज तोही घेणार नाही. म्हणजे समजा तुम्ही महिनाभर झगडून या लॅपटॉपवर विंडोज ७ बसवलंच, तर ते ६४-बिट असणार आणि तुमचं पॅकेज त्यावरही "चालू शकत नाही" म्हणणार.

पडदानशीन

वर सगळे विंडोज ७ लॅपटॉपवर कसं बसवायचं हे सांगताहेत. ते लॅपटॉपवर कशाला बसवायचं? विंडोज ११ राहू द्या आणि त्याच्या आत व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा, आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम) ३२-बिट विंडोज ७ चालवा. आतल्या विंडोजला एनव्हीएमई, यूईएफआय यांतलं काही दिसतच नाही. त्याला दिसतो नव्वदच्या दशकातला एक बोर्ड आणि इंटेलचं जुनं नेटवर्क कार्ड. ते खूश, तुम्ही खूश.

आणि नव्याने काहीच बसवू नका. डेस्कटॉप अजून चालतोय ना? मग तो जिवंत आहे तोवर त्याच्यावर मायक्रोसॉफ्टचं डिस्क२व्हीएचडी चालवा. अख्खी डिस्क एका फाइलमध्ये उतरते, पेजमेकर, फाँट, पॅकेज, तुमचा वॉलपेपरसुद्धा. ती फाइल बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्सला जोडा. हे आज करा. फुगलेले कपॅसिटर दिवाळीची वाट पाहत नाहीत.

परवान्याचं मात्र बघा. यंत्रासोबत आलेलं विंडोज त्याच यंत्राला बांधलेलं असतं, वेगळं विकत घेतलेलं असेल तर हलवता येतं. दोन्ही बाबतींत अ‍ॅक्टिव्हेशन परत मागणार.

खिळेजुळारी

विंडोजचं बिल आणि खोका दोन्ही आहेत, तेव्हा वेगळंच घेतलं होतं. पण लॉकचं काय? ते आतल्या विंडोजला कसं दिसणार?

पडदानशीन

व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी सेटिंगमध्ये त्या लॉकचा फिल्टर घाला. मग लॉक लावलं की बाहेरचं विंडोज ते सोडतं आणि आतलं उचलतं. बाहेर ड्रायव्हर लागत नाही. हायपर-व्ही या विंडोजमधल्याच तसल्या सोयीच्या नादी लागू नका, त्यात असं यूएसबी आत देता येत नाही.

तुमचं लॉक यूएसबीचं आहे हे नशीब. प्रिंटर पोर्टवाली जुनी लॉकं ज्यांच्याकडे आहेत त्यांचे हाल आहेत. बाजारात यूएसबी ते पॅरलल केबल मिळते ती फक्त प्रिंटरपुरती, लॉकला ती कळत नाही.

शुद्धलेखन_पोलीस

मुळात २०२६ मध्ये युनिकोडवर (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण फाँटपद्धतीवर) का नाही आहात? पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या जुळवणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर सीएस६ आवृत्तीपासून आहे, जोडाक्षरं नीट येतात.

खिळेजुळारी

नवीन कामं करतोही युनिकोडवर. पण गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, थोरल्याच्या लग्नात छापली तीच पत्रिका द्या, फक्त नावं आणि तारीख बदला. थोरल्याचं लग्न २००८ चं. ती फाइल जुन्या फाँटात. कन्व्हर्टर वापरून पाहिले. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार नंतर, त्यामुळे उलटापालट करताना कुठेतरी घसरतंच. एका पत्रिकेत "कार्यालय" चं भलतंच काही झालं होतं. पाहुण्यांनी फोटो काढून पाठवला.

खिळेजुळारी (नऊ दिवसांनी)

झालं! सविस्तर लिहितो, कुणाला उपयोग होईल.

डिस्क२व्हीएचडीला साडेतीन तास लागले. मधे वीज गेली नाही ही अंबाबाईची कृपा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये जोडली तर लोगो येऊन निळा पडदा, शेवटी ७बी (बूटची डिस्क सापडत नाही असा एरर). पडदानशीन यांना व्यनि केला. त्यांनी सांगितलं की जुन्या यंत्रात डिस्क आयडीई या जुन्या पद्धतीने लागली होती आणि मी इथे साटा या नव्या पद्धतीला जोडली. डिस्क आयडीई कंट्रोलरखाली हलवली आणि पुढच्या मिनिटाला आमचा जुना डेस्कटॉप समोर, गणपतीच्या वॉलपेपरसकट.

पण गती बैलगाडीची. खालच्या पट्टीत एक हिरवं कासव दिसत होतं. ते चक्क त्याचंच चिन्ह निघालं: विंडोज ११ चा स्वतःचा हायपरव्हायझर (आभासी संगणक चालवणारा त्याचा भाग) मधे आला की कासव दिसतं. विंडोजच्या सुरक्षा सेटिंगातली, कोअर आयसोलेशनखालची मेमरी इंटिग्रिटी बंद करून रीस्टार्ट केलं तेव्हा कासव गेलं. सुरक्षा थोडी कमी होते हे माहीत आहे.

लॉक फिल्टर घालताच उचललं. दिवा लागला तेव्हा बायकोला हाक मारून दाखवला.

छपाईसाठी आतून प्रिंटर जोडायच्या फंदात पडलो नाही. आत पीडीएफ बनवणारं डिस्टिलर होतंच, त्यात पीडीएफ करतो, शेअर केलेल्या फोल्डरात टाकतो आणि बाहेरून विंडोज ११ वरून प्रिंट देतो. फाँट पीडीएफमध्येच येतात. आतल्या विंडोजचं नेटवर्क बंद ठेवलंय, जानेवारी २०२० नंतर त्याला अपडेट नाहीत आणि गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हात काय काय असतं ते न बोललेलं बरं. ते पेनड्राइव्ह आता बाहेरच उघडतो.

एकच कटकट उरली आहे. आमच्या ऑपरेटर ताईंना उजव्या हाताच्या कंट्रोलची सवय. त्यांनी प्रिंट द्यायला कंट्रोल-पी दाबलं की अख्खं यंत्र थिजतं. सेव्हला भलतीच खिडकी उघडते. कॉपीला मेनूच गायब होतो. त्या म्हणतात तुमचा नवा डबा जुन्यापेक्षा खट्याळ आहे.

पडदानशीन

ताईंचं बरोबर आहे. उजवा कंट्रोल ही व्हर्च्युअलबॉक्सची स्वतःची होस्ट की आहे, म्हणजे त्यालाच हुकूम द्यायचं बटण. तिच्याबरोबर पी म्हणजे पॉज, एस म्हणजे सेटिंग, सी म्हणजे स्केल्ड मोड. प्रेफरन्सेसमध्ये इनपुटखाली होस्ट की बदलून कुणीच न वापरणारं बटण द्या, स्क्रोल लॉक किंवा एफ१२.

खिळेजुळारी

या लॅपटॉपावर स्क्रोल लॉक नाहीच. एफ१२ दिलं. ताईंनी आत्ताच कंट्रोल-पी दाबून पाहिलं, प्रिंटची खिडकी आली. डेस्कटॉपचं झाकण उघडून आतली धूळ झाडतोय, डिस्क काढून कपाटात ठेवणार आहे.