आईच्या आठवणी : तिला ओळखणाऱ्यांच्या शब्दांत

आमची आई वयाच्या 91 व्या वर्षी गेली. उतारवयापर्यंत तिने दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करणे, ब्रेलमध्ये उतरवणे आणि परीक्षेत लेखनिक म्हणून बसणे ही कामे विनामूल्य केली. भेटायला आलेल्यांनी जे सांगितले, त्यातील बरेचसे आम्हां भावंडांनाही ठाऊक नव्हते. म्हणून तिच्या सहवासातील सर्वांना लिहिण्याची विनंती केली. नुसते गोडवे नकोत, तिचा हेकेखोरपणाही लिहावा, असे मुद्दाम कळवले होते. सुरुवात मीच करते.

थोरली मुलगी : आई ब्रेल शिकली तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती. जाड कागद पाटीत अडकवून टोचणीने उजवीकडून डावीकडे उलटी अक्षरे टोचायची, म्हणजे कागद पलटल्यावर उठावाची टिंबे डावीकडून उजवीकडे सरळ वाचता येतात. सहा टिंबांच्या 63 जुळण्या तिने आमचे गृहपाठ तपासता तपासता पाठ केल्या. पानाच्या तळाशी एखादे टिंब चुकले तरी ती अख्खे पान बाजूला ठेवून नवे घेई. ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजते’ असे नातेवाईक म्हणत. तिने त्यांना उत्तर दिल्याचे मला आठवत नाही.

एक माजी विद्यार्थी : पदवीच्या तिन्ही वर्षी काकू माझ्या लेखनिक होत्या. उमेदवार सांगेल तेच आणि तसेच लिहायचे, हा नियम त्या इतक्या कसोशीने पाळत की, मी वाक्याच्या मध्येच अडलो तरी त्या साधे खाकरतही नसत. मागचे उत्तर वाचून दाखवा म्हटले, की आवाजात कसलाही चढउतार न आणता वाचत, जेणेकरून बरोबर-चुकीचा सुगावा लागू नये. त्यांनी ध्वनिमुद्रित केलेले अर्थशास्त्राचे पुस्तक मी कितीदा ऐकले असेन! आलेख आला की आधी आडव्या अक्षावर काय, उभ्या अक्षावर काय हे सांगून मगच रेषा कुठून कुठे जाते त्याचे वर्णन करत. पुष्कळ वाचक ‘येथे आकृती आहे’ एवढे म्हणून पुढे जातात आणि ऐकणारा तिथेच अडकतो.

सून : आमच्या लग्नाची तारीख परीक्षांचे वेळापत्रक पाहून ठरली. यापेक्षा अधिक काय लिहू?

धाकटा मुलगा : लहानपणी मी दीर्घकाळ आजारी होतो, तेव्हा आईने बाहेरची सर्व कामे सोडली आणि मी शाळेत जाऊ लागल्यावर ती पुन्हा सुरू केली. त्या काळाचा उल्लेख त्याग म्हणून तिने कधी केला नाही. नेत्रदानाच्या सूचना तिने स्वतः लिहून ठेवल्या होत्या : पापण्या मिटाव्यात, त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि आप्तांच्या आधी नेत्रपेढीला कळवावे, कारण साधारण 6 तासांच्या आत नेत्र काढावे लागतात. तिचे वय किंवा झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आड आली नाही. रोपणासाठी मुख्यतः डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा वापरतात. ज्यांच्यासाठी ती आयुष्यभर वाचत आली, त्यांतील बहुतेकांचा दोष मागच्या दृष्टिपटलात किंवा डोळ्याच्या नसेत असल्याने त्यांना या रोपणाचा उपयोग नव्हता. हे ती प्रत्येकाला स्पष्ट सांगे. खोटी आशा दाखवणाऱ्यांचा तिला मनस्वी राग होता.

एक सहकारी : बाईंशी माझे अनेकदा खटके उडाले. नवे लोक उत्साहाने येतात, चार दिवस वाचतात आणि न कळवता गळतात, हा त्यांचा कायमचा आक्षेप. अशा व्यक्तीला त्या पुन्हा काम देत नसत, हे मला फार कठोर वाटे. परंतु परीक्षेच्या सकाळी लेखनिक न आल्याने ताटकळलेला विद्यार्थी प्रत्यक्ष पाहिल्यावर मी त्यांच्याशी वाद घालणे सोडले. सत्कार त्यांनी दोनदा नाकारला, तिसऱ्यांदा आम्ही विचारलेच नाही. नव्या वाचकांसाठी त्यांनी लिहिलेले सूचनापत्र आम्ही अजून वापरतो. त्यातील पहिली सूचना अशी आहे, की सर्दी झाली असल्यास येऊ नये, मात्र आदल्या दिवशी कळवावे.