उमेदवाराने रंगवलेले पहिल्या कार्यकाळाचे आशादायी चित्र कसे तपासावे?

बोरीकाठ (अमळनेर) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. अमळनेरमधील आमच्या वाचनमंडळात पुढच्या महिन्यात एक चर्चा ठेवली आहे. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आपल्या पहिल्या कार्यकाळाविषयी जे आशादायी चित्र लोकांपुढे ठेवतो, ते कोणत्या कसोटीवर तपासावे, असा तिचा विषय आहे. त्यासाठी मी अमेरिकेतील दोन भाषणे निवडली आहेत. पहिले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे, २ जुलै १९३२ रोजी शिकागो येथील. उमेदवाराने पक्षाच्या अधिवेशनाला स्वतः हजर न राहण्याची तोवरची प्रथा मोडून ते विमानाने तेथे पोहोचले आणि उमेदवारी स्वीकारताना त्यांनी अमेरिकी जनतेला ‘न्यू डील’चे, म्हणजे नव्या व्यवस्थेचे, वचन दिले. दुसरे जॉन केनेडी यांचे, १५ जुलै १९६० रोजी लॉस एंजेलिस येथील, ज्यात त्यांनी ‘न्यू फ्रंटियर’ची, म्हणजे नव्या आव्हानांच्या सीमेची, कल्पना मांडली.

ही भाषणे वाचताना मी भारावून जातो. महामंदीत सुमारे एक चतुर्थांश कामगारांच्या हातचे काम गेलेले असताना, उद्याचा दिवस आजच्यापेक्षा बरा असेल असे ठामपणे सांगणारा माणूस लोकांना हवा होता, यात मला काही गैर वाटत नाही. परंतु आमच्या मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांच्या मते निवडणुकीपूर्वीचे असे चित्र मतांपुरते असते आणि त्याची चर्चा करणे म्हणजे वेळ दवडणे आहे. मला ते पटत नाही, मात्र त्यांना उत्तर देण्यासाठी माझ्याकडे भारावलेपणाखेरीज आणखी काही असायला हवे.

म्हणून विचारतो. वचन पाळले गेले की नाही, हे ठरवण्यासाठी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकाळाची चार वर्षांची मुदत ही योग्य मोजपट्टी आहे का? आणि आपल्या जळगाव जिल्ह्यातील नाडगावच्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या उमेदवार होत्या, तेव्हा त्यांनी कार्यकाळाचे असे चित्र का मांडले नाही, हा प्रश्न सभेत नक्की निघेल. त्याचे नेमके उत्तर काय द्यावे?

धुळेकर वकील यांचे उत्तर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थोडक्यात देता येते. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ७४ नुसार राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच कारभार करायचा असतो. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्यांना तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो, परंतु पुन्हा तोच सल्ला आला तर तो बंधनकारक ठरतो. शिवाय मतदार असतात ते खासदार आणि आमदार. त्यामुळे प्रतिभाताईंनी शेतमालाच्या भावाचे किंवा रोजगाराचे वचन दिले असते, तर ते पाळण्याचा अधिकारच त्यांच्याकडे नसता. तुलना करायची असेल तर ती आपल्याकडील लोकसभा निवडणुकीतील पक्षाच्या जाहीरनाम्याशी करावी, आणि तीही जपून, कारण आपल्याकडे पंतप्रधानांच्या पाठीशी लोकसभेतील बहुमत गृहीतच असते. अमेरिकेत ते गृहीत नसते.

पहिल्या प्रश्नाबाबत माझी सूचना अशी, की भाषणातील प्रत्येक वचनापुढे ते कोणाच्या हातात आहे हे लिहून काढावे. काही गोष्टी राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या सहीने करू शकतात. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सक्तीची लष्करभरती टाळणाऱ्यांना माफी देण्याचे वचन जिमी कार्टर यांनी १९७६ च्या प्रचारात दिले होते, आणि शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी, २१ जानेवारी १९७७ रोजी, ते पाळले. केनेडींनी ऑक्टोबर १९६० मध्ये मिशिगन विद्यापीठातील विद्यार्थ्यांपुढे परदेशात जाऊन सेवा करण्याची कल्पना मांडली आणि १ मार्च १९६१ रोजी एका आदेशाने ‘पीस कोअर’ची स्थापना केली.

परंतु सही पुरेशी असतानाही वचन रखडते, याचे उदाहरण केनेडींचेच आहे आणि मंडळात ते आवर्जून सांगावे. सरकारी साहाय्याने बांधलेल्या घरांमधील वर्णभेद राष्ट्राध्यक्ष लेखणीच्या एका फटकाऱ्याने संपवू शकतात, असे त्यांनी प्रचारात सांगितले होते. निवडून आल्यावर मात्र दक्षिणेकडील स्वपक्षीय खासदार दुखावतील आणि इतर विधेयके अडवतील, या भीतीने ते थांबले. तेव्हा लोकांनी त्यांना आठवण म्हणून टपालाने पेने पाठवण्यास सुरुवात केली. आदेशावर सही झाली ती २० नोव्हेंबर १९६२ रोजी, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर होणाऱ्या संसदेच्या निवडणुका पार पडल्यानंतर.

याउलट वृद्धांच्या वैद्यकीय खर्चाची तरतूद करण्याचे त्यांचे वचन संसदेच्या हातात होते. जुलै १९६२ मध्ये सिनेटने ते ५२ विरुद्ध ४८ मतांनी फेटाळले. नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली आणि मेडिकेअरचा, म्हणजे याच तरतुदीचा, कायदा ३० जुलै १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांच्या सहीने झाला. आता हे वचन केनेडींनी मोडले असे म्हणायचे का? माझ्या मते नाही. भाषणामुळे तो विषय राष्ट्राच्या पटलावर राहिला, एका मतदानात हरला आणि पुन्हा उभा राहिला. चार वर्षांच्या फूटपट्टीत हे बसत नाही.

कापूस उत्पादक (धरणगाव) यांचे उत्तर

वकीलसाहेबांनी वचन कोणाच्या हातात आहे हे पाहायला सांगितले. मी त्यापुढचे सांगतो: वचन शेवटी कोणाच्या हातात पडले, हे पाहावे. रूझवेल्ट यांच्या पहिल्या कार्यकाळातील कापसाचा इतिहास मी बरीच वर्षे वाचत आलो आहे, कारण आपल्या भागात भाव कोसळले की त्याच प्रश्नांची चर्चा नव्याने होते.

अमेरिकेत १९२९ मध्ये पौंडाला सुमारे १७ सेंट असलेला कापसाचा भाव १९३२ मध्ये साडेसहा सेंटच्या आसपास आला होता. सप्टेंबर १९३२ मध्ये कॅन्सस राज्यातील टोपेका येथे रूझवेल्ट यांनी शेतकऱ्यांपुढे भाषण केले आणि शेतमालाला रास्त भाव मिळवून देणारी, शेतकऱ्याच्या स्वेच्छेवर आधारलेली योजना आणण्याचे आश्वासन दिले. ते चित्र आशादायी होते, पण त्यात उभे पीक मोडण्याचा उल्लेख कोठेही नव्हता.

शेतीविषयक कायदा मंजूर झाला तो १२ मे १९३३ रोजी. तोवर दक्षिणेत कापूस पेरून झाला होता. उत्पादन कमी केल्याशिवाय भाव चढणार नाही असे ठरले असल्यामुळे, सरकारने शेतकऱ्यांशी करार करून, पैसे देऊन, सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस त्या उन्हाळ्यात नांगरून टाकायला लावला. पाते-फुलांवर आलेल्या कापसात नांगर घालणे म्हणजे काय, हे खानदेशात कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. त्या काळच्या वर्णनांत येते की खेचरांनाही ते जमेना. सऱ्यांमधून चालायचे, झाडावर पाय पडू द्यायचा नाही, अशी त्यांना वर्षानुवर्षे सवय लावलेली असे आणि आता त्यांना ओळीवरूनच हाकायचे होते. कोळपणीला जुंपलेली आपली बैलजोडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे हे लगेच उभे राहील.

भाव वाढला, हेही तितकेच खरे आहे. १९३३ चा कापूस दहा सेंटच्या आसपास गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारने कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन स्थापन करून कापूस तारण ठेवून पौंडाला दहा सेंट कर्ज देण्यास सुरुवात केली, जेणेकरून शेतकऱ्याला काढणीच्या गर्दीत पडेल त्या भावाने माल विकावा लागू नये. आपल्या हमीभावाच्या खरेदीशी याची तुलना करून पाहावी. ज्या माणसाने आपल्या अंगणात भावाची वाट पाहत कापूस साठवून ठेवला आहे, त्याला या तरतुदीचे मोल लगेच कळेल. म्हणून बोरीकाठ यांच्या ज्येष्ठ सभासदांना माझे सांगणे आहे की ते वचन मतांपुरते नव्हते.

परंतु कराराचा पैसा जमीनमालकाच्या नावे येत असे. दक्षिणेत कापूस पिकवणारे लाखो लोक, गोरे आणि काळे दोन्ही, बटाईने जमीन कसत. पेरा कमी झाला तशी मालकांना त्यांची गरज उरली नाही. पुष्कळांना हिस्सा मिळाला नाही आणि अनेकांना राहत्या झोपडीतून बाहेर काढले गेले. जुलै १९३४ मध्ये आर्कान्सा राज्यातील टायरोन्झा येथे गोऱ्या आणि काळ्या बटाईदारांनी एकत्र येऊन आपली संघटना उभारली, आणि त्या काळातील त्या प्रदेशात ही फार धैर्याची गोष्ट होती. शेती प्रशासनातील ज्या विधी अधिकाऱ्यांनी बटाईदारांची बाजू धरली, त्यांना फेब्रुवारी १९३५ मध्ये नोकरीवरून काढण्यात आले. जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदाच घटनाबाह्य ठरवला, परंतु तो या कारणाने नाही, तर कर आणि संघराज्याच्या अधिकाराच्या मुद्द्यावर.

टोपेकाचे भाषण मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. त्यातील ‘शेतकरी’ जमीनमालक आहे की कसणारा आहे, हे उमेदवाराला कोणी त्याच सभेत विचारले असते, तर पुढचे बरेच हाल टळले असते असे मला मनापासून वाटते. आपल्या मंडळाने कोणतेही आशादायी भाषण वाचताना हा प्रश्न आधी विचारावा.

निवृत्त बँक कर्मचारी (जळगाव) यांचे उत्तर

मी फक्त बँकांपुरते लिहितो.

४ मार्च १९३३ रोजी रूझवेल्ट यांनी शपथ घेतली, तेव्हा बहुतेक राज्यांत बँका बंद होत्या किंवा पैसे काढण्यावर निर्बंध होते. त्यांनी ६ मार्चला सर्व बँका बंद ठेवल्या, ९ मार्चला एका दिवसात आवश्यक तो कायदा संसदेत मंजूर करून घेतला आणि रविवारी, १२ मार्चला, रेडिओवरून लोकांना अगदी साध्या शब्दांत समजावले की ज्या बँका सुदृढ आहेत त्याच उघडतील आणि गादीखाली ठेवलेल्या पैशापेक्षा उघडलेल्या बँकेतील पैसा अधिक सुरक्षित असेल. दुसऱ्या दिवशी बँका उघडल्यावर लोक रांगा लावून पैसे भरायला आले. खिडकीपलीकडे बसून ज्याने ठेवीदाराचा चेहरा वाचला आहे, त्याला ही घटना किती विलक्षण आहे हे समजेल. आशेच्या शब्दांनी येथे प्रत्यक्ष काम केले, कारण त्या शब्दांमागे बँकांची तपासणी उभी होती.

दोन गोष्टी मात्र नोंदवाव्यात. ऑक्टोबर १९३२ मध्ये पिट्सबर्ग येथे रूझवेल्ट यांनी सरकारी कारभाराचा खर्च २५ टक्क्यांनी कमी करण्याचे वचन दिले होते. सुरुवातीला त्यांनी पगार आणि माजी सैनिकांची निवृत्तिवेतने कापलीही, परंतु रोजगार आणि मदतकार्यावरचा खर्च इतका वाढला की ते वचन मागे पडले, आणि ते मागे पडले हे चांगलेच झाले. दुसरी गोष्ट ठेव विम्याची, म्हणजे बँक बुडाली तरी ठेवीदाराला पैसे मिळण्याच्या हमीची. आजही टिकून असलेली ही त्या कार्यकाळातील मोठी सुधारणा. ती त्यांच्या चित्रात नव्हती, उलट त्यांचा तिला सुरुवातीला विरोध होता. संसदेतील सदस्यांच्या आग्रहाने ती १९३३ च्या बँकिंग कायद्यात आली.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. धरणगावच्या भाऊंनी सांगितलेला बटाईदारांचा भाग मला ठाऊकच नव्हता, त्यासाठी चर्चेतील निम्मा वेळ राखून ठेवतो. आपल्या भागातील एखादे उदाहरण जोडीला घेता येईल का? सभासदांना ते अधिक जवळचे वाटेल.

फैजपूरची शिक्षिका यांचे उत्तर

दादा, उदाहरण आमच्या गावचे आहे. डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. तेथे तेरा कलमांचा शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला: खंड आणि शेतसारा कमी करणे, न परवडणाऱ्या लहान जमिनींना सूट, वेठबिगार बंद करणे, कर्जातून सोडवणूक, शेतमजुरांना जगण्यापुरती मजुरी. प्रांतिक निवडणुका काही आठवड्यांवर होत्या आणि निवडून आल्यावर सत्ता स्वीकारायची की नाही, हेही तोवर ठरलेले नव्हते.

जुलै १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. त्याच्या सव्वादोन वर्षांच्या कारकिर्दीत कुळांना संरक्षण देणारा आणि शेतकऱ्यांच्या कर्जाचा असे दोन कायदे १९३९ मध्ये झाले. त्या वर्षाच्या अखेरीस युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. कुळकायदा सुरुवातीला सर्व प्रांतात लागूही नव्हता. अधिक व्यापक कायदा १९४८ मध्ये आला आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्याचा दिवस, १ एप्रिल १९५७, अधिवेशनानंतर वीस वर्षांनी उजाडला. धरणगावच्या भाऊंचा प्रश्न येथेही लावावा. कुळाला जमीन मिळाली, परंतु ज्याच्याकडे कुळाचा कागदही नव्हता त्या शेतमजुराचे कलम पुष्कळ मागे राहिले. शेतीलाही लागू असलेला किमान वेतनाचा कायदा १९४८ मध्ये झाला, आणि किमान वेतनाप्रमाणे मजुरी मिळते का, हे केळीच्या घडांची वाहतूक करणाऱ्या मजुरांना आजही विचारण्यासारखे आहे.

तेरा कलमे मी फळ्यावर लिहून वर्गात शिकवते. रूझवेल्ट यांचे टोपेकाचे भाषण आणि हा कार्यक्रम शेजारी शेजारी ठेवून वाचता येईल, दोन्हींमध्ये सुमारे सव्वाचार वर्षांचे अंतर आहे. चर्चेची तारीख कळवावी, यावल तालुक्यातून आम्ही काही जणी येऊ.