मदत हवी आहे: सहा जणांसाठी कॅनव्हासचा तंबू, 12 बाय 12 पुरेल का? आतली मांडणी कशी करावी?

शिवारफेरी

नमस्कार मंडळी. भोर तालुक्यात भाटघर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला सासऱ्यांची थोडी जमीन आहे. त्यातलं एक खाचर रिकामंच असतं, टेपने मोजलं तर 30 बाय 40 फूट भरलं. बांधकाम करायचं नाही. दिवाळीनंतर गुढीपाडव्यापर्यंत शनिवार-रविवार राहता येईल असा कॅनव्हासचा तंबू हवा आहे, पाडव्यानंतर उतरवून ठेवायचा.

माणसं: आम्ही दोघं, मुलगी 11 वर्षांची, मुलगा 6 वर्षांचा, सासूबाई आणि सासरे. सासूबाईंना जमिनीवरून उठता येत नाही, त्यामुळे खाट हवीच. सासऱ्यांना रात्री उठावं लागतं.

तंबू शिवून देणाऱ्यांकडून तीन पर्याय आलेत. स्विस कॉटेज पद्धतीचा, खोली 12 बाय 12, पुढे 5 फूट पडवी, मागे 5 फूट न्हाणी. तोच, पण खोली 12 बाय 18. आणि तिसरा गोल बेल टेंट, 5 मीटर व्यासाचा, मधला खांब 3 मीटर, कडेची भिंत 80 सेंटिमीटर. तिघांचंही म्हणणं एकच, "सहा जण आरामात झोपतील." मुलीला अर्थातच गोल हवाय, फोटो छान येतात म्हणे. काय घेऊ?

माळावरचा

ताई, "सहा जण" म्हणजे सहा सतरंज्या एकमेकींना चिकटवून. त्यात बॅगा नाहीत, चपला नाहीत, रात्री उठायची वाट नाही. आकडा सोडा, अंथरुणं मांडून बघा.

गोल तंबूचं क्षेत्रफळ साधारण 211 चौरस फूट, 12 बाय 18 चं 216. कागदावर सारखेच. पण गोलात छत मधून कडेला उतरत येतं. तुमच्या मापात साडेपाच फूट उंचीचा माणूस ताठ उभा राहील अशी जागा मधला जेमतेम एक तृतीयांश भाग, आणि तिथेही खांब. खाट कडेला लावली की उठून बसताना डोकं कापडाला लागणार. दव पडून कापड भिजलेलं असेल तर जिथे सारखं लागतं तिथून पाणी आत झिरपतं. वर न्हाणी बाहेर. आजोबांसाठी गोल तंबू बाद.

मेजरटेप

माळावरच्यांशी सहमत. 12 बाय 12 पण तपासा. दोन खाटा 3 बाय साडेसहा फुटांच्या धरा आणि मागच्या बाजूला दोन्ही भिंतींना लावा. मध्ये 6 फूट वाट उरते, थेट न्हाणीच्या दारात जाणारी. छान. पण मग पुढे फक्त साडेपाच फूट खोली उरली. तिथे आडवे झोपलात तर दोघंच मावता. मुलं कुठे? त्या वाटेतच. म्हणजे सासऱ्यांनी अंधारात नातवंडं ओलांडत जायचं.

12 बाय 18 मध्ये मागून 7 फुटांवर पडदा घ्या. मागे दोन खाटा आणि न्हाणीची वाट. पुढे 11 फूट उरतात, त्यात अडीच फुटी चार गाद्या ओळीने टाका. 10 फूट गेले, एका कडेला 2 फुटांची बोळ राहिली. पायाशी साडेचार फूट बॅगांना आणि दाराला. कोणाची झोप कोणाच्या वाटेत नाही.

खुंट्या विसरू नका! पडवी-न्हाणी धरून 12 बाय 28 होतो. ताणाचे दोर चारी बाजूंनी 5 फूट धरले तर 22 बाय 38. लांबी खाचराच्या 40 फुटांच्या बाजूला ठेवलीत तरच बसतो, तोही दोन फूट राखून. बांधावर खुंटी ठोकू नका, ढासळतो.

शिवारफेरी

हे गणित कोणी सांगितलंच नव्हतं. जमीन मुरमाड आहे, लाकडी खुंट्या जातील का? आणि सासरे म्हणतात दार दक्षिणेला नको.

भोरकर

मुरमात लाकूड फुटतं. लोखंडी सळीच्या दीड फुटी खुंट्या करून घ्या, पहारीने आधी भोक पाडा आणि तंबूच्या उलट दिशेला तिरक्या ठोका.

दार पूर्वेला ठेवा, आजोबाही खूश. सकाळचं ऊन पडवीत येतं, दव लवकर वाळतं. न्हाणी पश्चिमेला गेली की दुपारचं ऊन आधी तिच्यावर. थंडीत आपल्याकडे बोचरा वारा पूर्व-ईशान्येकडून येतो, म्हणून पडवीला बाजूच्या कनाती (कापडी भिंती) मागून घ्या, रात्री बांधून टाकायच्या. मार्चमध्ये दुपारी भट्टी होते. वरचं दुसरं छत आतल्या छतापासून वीतभर तरी सुटं हवं, मधून हवा खेळली पाहिजे. तरी भागलं नाही तर शेडनेट ताणा.

जमिनीचं कापड भिंतीला शिवलेलंच घ्या, कडा वीतभर वर आलेली. विंचवाचा भाग आहे. न्हाणीत मात्र ते सुटं ठेवा, नाहीतर पाणी साचेल.

पडवीप्रेमी

मी वेगळं सांगते. दोन तंबू घ्या. आई-बाबांना न्हाणीसह 12 बाय 12, तुम्हा चौघांना साधा 10 बाय 10. घोरणं वेगळं, मुलांचा गोंधळ वेगळा. शिवाय 12 बाय 18 चं कापड उचलायला दोन तगडी माणसं आणि छोटा टेम्पो लागेल.

मेजरटेप

कल्पना चांगली, पण 30 फुटांत दोन तंबू शेजारी दोरांसकट बसवताना दोरांची गुंतागुंत होईल. रात्री त्यातच पाय अडकतात. शिवाय 6 वर्षांचा मुलगा रात्री आजीकडे जायचं म्हणणार ते वेगळंच.

माळावरचा

कापडाबद्दल एक. "कॅनव्हास" म्हणून प्लॅस्टिकचा लेप दिलेलं पॉलिएस्टरही विकतात. ते आत घाम धरतं. नमुन्याचा एक दोरा मागून घ्या आणि जाळून बघा. सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून गोळी होते. मिश्र धागाही चालतो, फक्त सांगून द्यावा. वजन चौरस मीटरला 300 ग्रॅमच्या खाली नको.

नवा तंबू आला की उभा करून पाइपाने पूर्ण भिजवा, मग वाळू द्या. धागे फुगून शिलाईची भोकं बुजतात. पहिल्यांदा गळतोच, घाबरू नका. उतरवताना मात्र ओल अजिबात नको, बुरशीचे काळे डाग पडले की जात नाहीत. खाली जमिनीवर गुंडाळून ठेवला तर वाळवी आणि उंदीर हे ठरलेले. पत्र्याची पेटी, विटांवर.

शिवारफेरी

रविवारी खाचरात खऱ्या मापाने चुन्याची फक्की टाकून दोन्ही आकार आखले. गावातून दोन खाटा आणल्या, गाद्यांच्या जागी पोती. 12 बाय 12 मध्ये सासरे दोनदा मुलावरून अडखळले (तो मुद्दाम आडवा पडला होता). सासूबाई पडवीच्या जागी खुर्ची टाकून बसल्या त्या उठेचनात. 5 फूट पडवीत सहा जण जेवायला बसत नाहीत हेही कळलं. आता 12 बाय 18 पक्का.

शेवटचं विचारते. न्हाणीचं दार मधोमध की कोपऱ्यात? आणि सासऱ्यांसाठी आत कमोडची सोय कशी करावी?

भोरकर

मधोमधच. कोपऱ्यात घेतलंत तर खाट दाराला आडवी येईल. मेडिकलच्या सामानाच्या दुकानात कमोड खुर्ची मिळते, भाड्यानेही. खाली सपाट फरशी टाका, मुरमात पाय रुततात. दाराची चेन आतून-बाहेरून दोन्हीकडून उघडणारी मागा. वाटेवर बॅटरीचा छोटा दिवा. शेगडी, कोळसा, स्टोव्ह कितीही थंडी असली तरी आत नाही, बंद तंबूत विषारी वायू साठतो. जेवणासाठी पडवी 5 ऐवजी 7 करायची म्हणाल तर करू नका, तुमच्याकडे दोनच फूट शिल्लक आहेत. बाहेर ताडपत्री अंथरा आणि चांदण्यात जेवा.