कारखान्याखालची जमीन घरांसाठी किती स्वच्छ करायची?

मूळ लेख : पायाभरणी

बंद पडलेल्या कारखान्यांच्या दूषित जमिनीवर घरे बांधावीत की नाही, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. या जमिनी बहुधा शहराच्या पोटात असतात, तिथे रस्ते, नळ आणि वीज आधीच पोहोचलेली असते, आणि त्या ओसाड ठेवल्या की शहर बाहेरच्या शेतांवर पसरते. शिवाय ओसाड ठेवल्याने जमीन शुद्ध होते असेही नाही; पावसागणिक तिच्यातले विष भूजलात उतरतच राहते. वाद घालायचाच असेल तर ती किती स्वच्छ करायची यावर घालावा.

माझे मत असे आहे की जमीन ज्या वापरासाठी द्यायची त्या वापरापुरती निर्धोक करावी, तिच्यातला कण न् कण शुद्ध करण्याच्या मागे लागू नये. धोका निर्माण व्हायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : विष, त्याची वाट आणि वाटेच्या टोकाला असलेला माणूस. यांपैकी वाट कायमची बंद झाली, तर जमिनीत खोलवर राहिलेले शिसे वरच्या मजल्यावरच्या मुलाला बाधत नाही.

नेदरलँड्सचा अनुभव इथे बोलका आहे. लेकरकर्क गावात रासायनिक कचऱ्याने भरलेल्या चरांवर वसाहत उभी राहिली होती. जमिनीतली टोल्युइनसारखी द्रावके पाण्याच्या प्लास्टिकच्या नळांच्या भिंतींतून आत शिरली आणि 1980 मध्ये सुमारे 270 घरे रिकामी करावी लागली. त्या धक्क्यातून डच धोरणाने दंडक घातला की दूषित जमीन कोणत्याही वापराला योग्य होईल इतकी शुद्ध झाली पाहिजे. हेतू उदात्त होता, पण खर्च इतका वाढत गेला की कामे रखडली, आणि 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच देशाने वापरानुरूप सफाईचा मार्ग धरला.

लंडनच्या 2012 च्या ऑलिंपिक उद्यानासाठी जुनी औद्योगिक जमीन घेतली, तेव्हा तिथली माती खणून, धुऊन, चाळून तिच्यावर जागेवरच उपचार केले गेले. त्या केंद्रांना लोक ‘मातीचे इस्पितळ’ म्हणत. खणलेल्या मातीपैकी सुमारे चार-पंचमांश माती पुन्हा तिथेच वापरली गेली. नाहीतर हजारो ट्रक भरून तीच माती दुसऱ्या कुणाच्या तरी गावाबाहेर नेऊन टाकावी लागली असती आणि त्यालाही आपण सफाईच म्हटले असते.

अट एकच : जमिनीत जे उरले त्याची खरेदीखतात स्पष्ट नोंद हवी, म्हणजे घेणारा डोळे उघडे ठेवून घेईल.

प्रतिसाद : कोरा कागद

आपल्या लेखातली शेवटची अट वाचून मी थबकलो, कारण या विषयातला सर्वांत कुप्रसिद्ध प्रसंग नेमका त्याच अटीतून घडला आहे. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉल या अर्धवट खणलेल्या कालव्यात हूकर केमिकल कंपनीने 1942 ते 1953 या काळात सुमारे 21,000 टन रासायनिक कचरा पुरला, वर चिकणमातीचा थर दिला आणि 1953 मध्ये ती जमीन शाळा मंडळाला 1 डॉलरला विकली. खरेदीखतात नोंद होती. जमिनीत रासायनिक कचरा आहे आणि पुढे काही झाल्यास कंपनी जबाबदार नाही, असे त्यात लिहिले होते. त्यानंतर तिथे शाळा झाली, आसपास घरे झाली, गटारे आणि रस्ते टाकताना मातीचा थर फोडला गेला, आणि घर घेणाऱ्यांना काय पुरले आहे हे कुणी सांगितले नाही. 1978 मध्ये राष्ट्राध्यक्षांना तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली. त्या नोंदीने रहिवाशांचे काडीचेही रक्षण केले नाही. तिचा उपयोग झाला तो विकणाऱ्याला हात झटकण्यासाठी.

दुसरा आक्षेप ‘निर्धोक’ या शब्दावर आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने निवासी जमिनीतल्या शिशासाठी वर्षानुवर्षे किलोमागे 400 मिलिग्रॅम ही मार्गदर्शक पातळी ठेवली होती. जानेवारी 2024 मध्ये ती 200 वर आणली. म्हणजे 2023 साली ‘वापरापुरती स्वच्छ’ ठरलेली 300 ची जमीन वर्षभरात संशयित झाली. जमीन तीच, मुलेही तीच, बदलले ते आपले ज्ञान. इमारत मात्र तोवर उभी राहिलेली असते आणि तिच्या खालचे खणता येत नाही. म्हणून मला वाटते की घरांसाठी जमीन द्यायची तर विष काढूनच द्यावी, आणि ते परवडत नसेल तर तिथे गोदाम करावे किंवा वीजनिर्मितीचे सौरपटल मांडावेत. माणसे झोपवू नयेत.

प्रतिसाद : विंधनछिद्र

माती तपासण्याच्या कामात बरीच वर्षे काढली असल्याने दोन्ही बाजूंना थोडे टोचेल असे लिहितो.

‘विष काढून द्यावे’ हे वाक्य लिहायला जितके सोपे, तितके ते काम सरळ नसते. इंग्लंडमधल्या कॉर्बी येथे पोलाद कारखान्याच्या जमिनीची सफाई करताना विषारी गाळ उघड्या ट्रकांतून शहरातून नेला गेला, तो रस्त्यावर सांडला, वाळला आणि धुळीबरोबर उडाला. त्या काळात गर्भवती असलेल्या काही स्त्रियांची मुले हातापायांच्या जन्मजात व्यंगांसह जन्मली, आणि 2009 मध्ये न्यायालयाने नगरपरिषदेला सफाईतल्या निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले. तिथे अपाय केला तो सफाईने. निजलेला गाळ उठवायचा असेल तर आधी पाण्याचे फवारे, झाकलेले ट्रक, चाके धुण्याची सोय आणि हवेची रोजची मोजणी लागते, आणि खर्च कापायची वेळ आली की याच गोष्टींवर पहिली कात्री चालते.

आता वापरानुरूप सफाईविषयी. ती ज्या आकड्यांवर उभी असते ते आकडे कसे येतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. समजा, मातीचा नमुना काढण्यासाठी दर 25 मीटरवर यंत्राने एक खोल छिद्र, म्हणजे विंधनछिद्र, घेतले आणि जमिनीत कुठेतरी 10 मीटर व्यासाचा दूषित गोल आहे. साधा भूमितीचा हिशेब केला तर छिद्र त्या गोलात पडण्याची शक्यता आठात एक इतकीच आहे. उरलेल्या सात वेळा अहवाल स्वच्छ येतो, आणि तो खोटाही नसतो.

कोळशापासून गॅस बनवणाऱ्या एका जुन्या कारखान्याच्या जागेवरचा नमुना अजून आठवतो. वरचे दोन मीटर विटांचा चुरा आणि तांबूस भराव होता, त्यात काहीही वावगे नव्हते. तिसऱ्या मीटरला नळी उघडली आणि कपड्यांच्या जुन्या पेटीचा वास आला, डांबरगोळ्यांचा. मराठीने त्या गोळीला नेमके नाव दिले आहे, कारण तिच्यातले नॅप्थलीन कोळशाच्या डांबरातून निघते. खाली काळा, तेलकट, बोटाला चिकटणारा थर होता. शेजारच्या छिद्रात, काही पावलांवर, काहीच नव्हते. जुने नकाशे काढून पाहिल्यावर कळले की डांबराची टाकी तिथेच होती. तेव्हापासून आधी नकाशे आणि जुने कामगार, मग यंत्र, असा क्रम मी सोडलेला नाही.

प्रतिसाद : उंबरठा

एक मुद्दा सुटतो आहे. सफाईचा खर्च शेवटी जमिनीच्या भावातून वळता होतो. भाव चढा असेल तिथे विकसक दूषित जमीनही आनंदाने घेतो आणि नीट साफ करतो. भाव पडलेला असेल तिथे सफाईचा खर्च जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त होतो आणि ती जमीन, शेजारच्या गरीब वस्तीसकट, तशीच कुजत राहते. मानके कितीही कडक करा किंवा सैल करा, सार्वजनिक पैसा आल्याशिवाय हे चित्र बदलत नाही. अमेरिकेचा ‘सुपरफंड’ कायदा लव्ह कॅनॉलनंतर, 1980 मध्ये, दूषित करणाऱ्याकडून पैसे वसूल करण्यासाठी आणि कुणी सापडत नसेल तिथे निधीतून काम करण्यासाठी आला.

प्रतिसाद : पायाभरणी

‘कोरा कागद’ यांचा खरेदीखताचा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. केवळ नोंद पुरेशी नाही. मी माझी अट बदलतो. नोंदीबरोबर देखभालीचा निधी विकसकाने ताबा देण्याआधीच त्रयस्थाकडे ठेवावा, मानक बदलले तर फेरतपासणी त्यातून व्हावी, आणि जबाबदारी विक्रीबरोबर संपू नये.

मात्र गोदामाचा पर्याय मला पटत नाही. गोदामातही माणसे दिवसाचे दहा तास काम करतात. त्यापेक्षा इमारतीचा घाट जमिनीला साजेसा करावा : तळमजल्यावर घरे नकोत, खासगी परसबाग नको, भाजी लावायची तर बाहेरून आणलेल्या मातीच्या उंच वाफ्यांत, आणि खाली मोकळ्या हवेचे वाहनतळ, म्हणजे जमिनीतल्या रसायनांची वाफ घरात शिरण्याआधीच विरून जाईल.

प्रतिसाद : विंधनछिद्र

वाहनतळाची कल्पना चांगली आहे, पण लिफ्ट विसरू नका. लिफ्टचा खड्डा वाहनतळाच्याही खाली जातो आणि पाळणा वर-खाली होताना पिचकारीच्या दट्ट्यासारखा जमिनीतली हवा ओढून प्रत्येक मजल्यावर नेतो. बेंझीन किंवा ट्रायक्लोरोएथिलीन यांसारखी सहज वाफ होणारी विषारी द्रावके असलेल्या जागेवर मी आराखडा पाहतो तेव्हा सर्वांत आधी त्या खड्ड्याचा तळ आणि भिंती सांधेबंद केल्या आहेत का, हे विचारतो. बहुतेक वेळा उत्तर येते की तो भाग लिफ्टवाल्यांच्या कंत्राटात आहे.