मदत हवी आहे : आईच्या मणक्यातील गाठ, शस्त्रक्रिया कोल्हापुरात की पुण्यात?

रंकाळाकाठ : आईच्या एमआरआयमध्ये मणक्यात गाठ दिसली असून डॉक्टरांनी लवकर शस्त्रक्रिया सुचवली आहे. ती कोल्हापुरात करावी की आईला पुण्यास न्यावे, हे अनुभवींनी कृपया आजच कळवावे.

राजारामपुरीकर : गाठ मज्जारज्जूच्या आत आहे, रज्जूबाहेर पण आवरणाच्या आत आहे, की हाडात? यावरच पुढचे सारे ठरते. वय आणि तक्रारीही लिहाव्यात.

कळंबेकर : माझ्या मेहुण्यांची गादी सरकली होती, ट्रॅक्शन (मणका ताणण्याचा उपचार) आणि मालिश यांवर ते शस्त्रक्रियेविना बरे झाले. घाई करू नये.

फिजिओ_शाहूपुरी : गादी आणि गाठ यांची गल्लत करू नये. ट्रॅक्शनने गाठ जात नाही, आणि गाठीखाली दबलेल्या रज्जूची हानी थांबून राहत नाही.

रंकाळाकाठ : वय ६१. चालताना तोल जातो, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. कमरेच्या एमआरआयमध्ये काही नव्हते. पाठीच्या अहवालात ‘डी ८, इंट्राड्युरल एक्स्ट्रामेड्युलरी, बहुधा मेनिन्जिओमा’ असे आहे. पुणे की कोल्हापूर, हे मात्र कोणीच सांगत नाही.

राजारामपुरीकर : म्हणजे गाठ छातीच्या आठव्या मणक्यापाशी, रज्जूबाहेर पण आवरणाच्या आत आहे. रज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्यामुळे छातीच्या पातळीवरची गाठ कमरेच्या चित्रात येत नाही. मेनिन्जिओमा, म्हणजे आवरणातून वाढणारी गाठ, बहुतेक वेळा सौम्य (कर्करोग नसलेली) असते. मणक्याची मागची कमान काढून, ड्युरा (रज्जूचे बाहेरचे आवरण) उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली गाठ आतून पोखरतात आणि रज्जूला धक्का न लावता ती अलगद बाहेर घेतात; रज्जूच्या आत वाढणाऱ्या एपेन्डिमोमा या गाठीसाठी मात्र रज्जूच चिरावा लागतो. म्हणून शहर न विचारता सर्जननी अशा किती गाठी काढल्या आहेत आणि शस्त्रक्रियेत न्यूरोमॉनिटरिंग (रज्जूतून जाणाऱ्या संदेशांवर सतत लक्ष) असेल का, ते विचारावे.

जुनी_पाने : १८८७ मध्ये लंडनला सर्जन व्हिक्टर हॉर्सली यांनी अशी गाठ काढली, तेव्हा एमआरआय तर सोडाच, क्ष-किरणही नव्हते. मज्जाविकारतज्ज्ञ गॉवर्स यांनी केवळ तपासणीवरून गाठीची जागा सांगितली. तरी हॉर्सलींना ठरल्यापेक्षा वर उघडावे लागले, तेव्हा ती सापडली.

कळंबेकर : महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि आधार सोबत ठेवावे.

फिजिओ_शाहूपुरी : पैशांचे नंतर पाहू. लघवी व्यवस्थित होते का?

रंकाळाकाठ : कालपासून अडते आहे, फार वेळ बसावे लागते. याचा संबंध आहे का?

फिजिओ_शाहूपुरी : आहे, आणि तो गंभीर आहे. सर्जनना आत्ताच फोन करून हे सांगावे. फोन लागला नाही तर आईला थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे आणि एमआरआयच्या फिल्म सोबत घ्याव्यात. पुण्याला हलवायचे की नाही, ते तेथील न्यूरोसर्जन ठरवतील.