सभासदांच्या जन्मतारखा लिनक्सवर बरोबर, विंडोजवर सगळे १ जानेवारी १९७० चे

नारायणपेठी

नमस्कार. नारायण पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाची सभासद-नोंद मी गेली तीन वर्षं सांभाळते. बँकेतून निवृत्त झाले, शेवटची काही वर्षं तिथल्या संगणक विभागात होते, त्यामुळे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा कामापुरती येते.

गेल्या आठवड्यात एक काका वर्गणीची पावती घेऊन आले. वय ८७. पासष्टीच्या पुढच्या सभासदांना आमच्याकडे निम्मी वर्गणी आहे, पण त्यांच्याकडून पूर्ण घेतली गेली होती. त्यांनी काउंटरवर वाद घातला नाही, पैसे भरले, आणि मग मला बाजूला बोलावून विचारलं, "नियम बदलला का हो?" मी त्यांचं खातं उघडलं. जन्मतारीख १ जानेवारी १९७०. पुढची खाती उघडली, तर १९७० आधी जन्मलेला प्रत्येक सभासद त्याच दिवशी जन्मलेला! मला रात्रभर झोप आली नाही. वाचनालय ज्यांच्या जिवावर चाललंय, नेमकी तीच ही माणसं.

शोधल्यावर कळलं ते असं. हा प्रोग्रॅम पूर्वी एका मुलाने स्वतःच्या लिनक्स लॅपटॉपवर लिहिला आणि सगळ्या नोंदीही त्यावरच भरल्या. जन्मतारीख म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, त्याआधीची असेल तर उणे आकडा. माझ्या मावशीचा जन्म पानशेत फुटलं त्याच दिवशीचा, १२ जुलै १९६१. तिच्या नावापुढे उणे २६,७४,२७,८०० आहे. घरच्या उबुंटूवर (तेही लिनक्सच) हा आकडा पायथनच्या फ्रॉमटाइमस्टॅम्पला, म्हणजे सेकंदांची तारीख करून देणाऱ्या फंक्शनला, दिला की बरोबर तारीख येते, भाच्याच्या मॅकवरही येते. वाचनालयातल्या विंडोजवर ओएसएरर २२, इनव्हॅलिड आर्ग्युमेंट. त्या मुलाने ही एरर पकडून तिथे १९७० दाखवायची सोय केली होती. मूळ आकडे शाबूत आहेत, एवढंच नशीब.

दुसरं टोकही आहे. आजीव सभासदांची मुदत त्याने ३१ डिसेंबर ९९९९ टाकलीय. तीही विंडोजवर याच एररने पडते.

तिन्ही यंत्रांवर एकच उत्तर यावं यासाठी काय करू?

कोथरूड_डेपो

ताई, दोष विंडोजच्या घड्याळाचा नाही. विंडोज स्वतः १ जानेवारी १६०१ पासून शंभर-शंभर नॅनोसेकंदांनी वेळ मोजतं, त्यामुळे १९६१ त्याला ठाऊक आहे. अडतं ते मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीतलं लोकलटाइम, सेकंदांवरून स्थानिक वेळ काढणारं फंक्शन. ते उणे आकडा घेतच नाही, आणि वरच्या बाजूला साधारण सन ३००० च्या पुढे जात नाही. म्हणून तुमचं ९९९९ सुद्धा पडतं. लिनक्स आणि मॅकच्या लायब्ररीला उणे चालतं. पायथनचं फ्रॉमटाइमस्टॅम्प खाली यांनाच विचारतं, त्यामुळे यंत्र बदललं की उत्तर बदलतं.

ऑपरेटिंग सिस्टिमला विचारूच नका. १ जानेवारी १९७०, यूटीसी (जगाची प्रमाणवेळ) असा डेटटाइम, म्हणजे पायथनची तारीख-वेळ, घ्या आणि त्यात टाइमडेल्टाने, म्हणजे कालावधी म्हणून, सेकंद मिळवा. ही बेरीज पायथन स्वतः करतं, सन १ ते ९९९९ पर्यंत, सगळीकडे सारखी. मग भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. उलट दिशेलाही तेच: टाइमझोन नसलेल्या डेटटाइमवर टाइमस्टॅम्प (तारखेचे सेकंद करणारं फंक्शन) बोलावलंत की विंडोजवर पुन्हा हीच एरर.

आणि ९९९९ काढून टाका. मुदत नाही तर रकाना रिकामा हवा. कुणी ३१ डिसेंबर ९९९९ रात्री ११:५९ यूटीसी लिहिलं असेल, तर साडेपाच तास मिळवताच वर्ष १०००० होतं आणि पायथन ओव्हरफ्लो म्हणतं.

नारायणपेठी

केलं. मावशी तिन्हीकडे १२ जुलैला आली, खूप आभार. आजीव सभासदांची मुदतही रिकामी केली.

पण आता वेगळंच निघालंय. एका निवृत्त शिक्षिकाबाईंची तारीख ५ मार्च १९४४, ती येते ४ मार्च रात्री ११:००. बरोबर एक तास मागे, म्हणून दिवस मागचा. मी कपाटातले मूळ अर्ज काढले आणि एकेक ताडून पाहिला. चुकलेले सगळे ऑक्टोबर १९४१ ते ऑक्टोबर १९४५ मधले. पण १९४२ च्या जून, जुलै, ऑगस्टमध्ये जन्मलेले तिघेही बरोबर! हे कशामुळे?

सिंहगडरोड

ताई, तुम्ही अर्ज ताडलेत म्हणून हे सापडलं. हे दुसऱ्या महायुद्धातलं घड्याळ आहे. त्या काळात भारतात घड्याळ एक तास पुढे केलं होतं, म्हणजे यूटीसीच्या साडेसहा तास पुढे. १ ऑक्टोबर १९४१ ते १५ मे १९४२, मग मध्ये खंड, आणि पुन्हा १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५. तुमचे तिघे त्या खंडात जन्मलेत.

लिनक्स आणि मॅककडे टाइमझोनचा जो डेटाबेस असतो, त्यात एशिया/कोलकाता या नावाखाली हा सगळा इतिहास आहे. त्या मुलाच्या लॅपटॉपने बाईंची मध्यरात्र साडेसहा तास वजा करून साठवली. आता तुम्ही साडेपाचच परत देताय. विंडोजच्या स्वतःच्या यादीत भारताला कायम साडेपाच आहेत, त्यामुळे ते यंत्र हे कधीच सांगणार नाही.

विंडोजवर टीझेडडेटा हे पॅकेज बसवा (त्यात हाच डेटाबेस आहे), पायथनच्या झोनइन्फोने एशिया/कोलकाता घ्या, आणि टाइमडेल्टाने काढलेल्या यूटीसी वेळेला ॲजटाइमझोन या फंक्शनच्या कंसात तो झोन द्या. कंस रिकामा सोडू नका, नाहीतर ते परत विंडोजला विचारेल.

पण हे एकदाच करा. बाई ५ मार्चला जन्मल्या, त्यात ना तास आहे ना टाइमझोन. तारीख निघाली की वर्ष-महिना-दिवस अशी साठवा आणि सेकंद कायमचे सोडा. ग्रंथांच्या दाखल तारखाही सेकंदांत असतील तर आणखी सांभाळा: १९०६ च्या आधी त्या डेटाबेसात मद्रासची वेळ आहे, पाच तास २१ मिनिटं १० सेकंद.

डेक्कन_जिमखाना

एवढा खटाटोप कशाला? मर्यादेबाहेरची तारीख आली की जवळच्या मर्यादेवर बसवायची. प्रोग्रॅम पडत नाही, काम चालू राहतं.

नारायणपेठी

तेच तर झालं होतं. प्रोग्रॅम एकदाही पडला नाही, म्हणून कुणाला कळलं नाही आणि म्हाताऱ्या माणसांनी मुकाट्याने दुप्पट पैसे भरले. एरर आली असती तर मी पहिल्याच दिवशी बघितलं असतं. आपल्याकडे शाळेत मास्तरांनी १ जून टाकलेल्या जन्मतारखा घेऊन कितीतरी माणसं आयुष्यभर वावरली. निदान ती तारीख आईवडिलांच्या देखत लिहिली गेली. ही यंत्राने कुणालाही न विचारता लिहिली. माहीत नसेल तर रिकामं ठेवीन, पण बनावट तारीख आता कुणाच्या नावावर चढवणार नाही.

दाखल रजिस्टरं मी उघडली. जुनी सगळी पानशेतच्या पुरात भिजलेली आहेत. कुठे नुसतं साल वाचता येतं, कुठे महिना. एका ठिकाणी स्वच्छ अक्षरात ३० फेब्रुवारी आहे. यांचं काय करायचं?

सिंहगडरोड

तीन रकाने करा. पहिल्यात रजिस्टरात आहे ते अक्षरशः, ३० फेब्रुवारी सुद्धा. दुसऱ्यात तपासून निघालेली तारीख, नाहीतर रिकामं. तिसऱ्यात कुठवर वाचता आलं ते: दिवस, महिना की फक्त साल. तपासायला पायथनचं डेट वापरा, ३० फेब्रुवारीला ते सगळीकडे व्हॅल्यूएरर देतं. सी भाषेचं एमकेटाइम किंवा जावास्क्रिप्टचं डेट यांच्या हाती देऊ नका, ते गुपचूप मार्चची १ किंवा २ तारीख करून देतात.

कोथरूड_डेपो

तपासलेली फाइल हिशेबनिसांच्या एक्सेलमधून फिरवू नका. १९०० च्या आधीची तारीख एक्सेल नुसता मजकूर म्हणून ठेवतं, आणि २९ फेब्रुवारी १९०० हा कधी नसलेला दिवस त्याच्याकडे आहे. पुढेमागे नोंदींसाठी मायएसक्यूएल हा डेटाबेस घेतलात तर रकाना डेट प्रकारचा करा. त्यातला टाइमस्टॅम्प प्रकारचा रकाना १९७० ला सुरू होतो आणि १९ जानेवारी २०३८ ला आपल्या घड्याळाने सकाळी ८:४४:०७ ला संपतो.

मोडीवाचक

मराठेशाहीच्या कागदांची यादी करताना मलाही हे भोवलं. पांडास हे पायथनचं पॅकेज नॅनोसेकंदांत मोजतं तेव्हा त्याची सुरुवात २१ सप्टेंबर १६७७. शिवाजी महाराजांचं निधन, १६८० चं, त्यात बसतं. राज्याभिषेक, १६७४ चा, बसत नाही. मी तारखा मजकूर म्हणून ठेवल्या. शिवाय त्या काळच्या इंग्रजी तारखा जुन्या ज्युलियन पद्धतीच्या आहेत आणि पायथन सरसकट ग्रेगोरियन धरतं, म्हणून कोणती पद्धत त्याचा रकाना वेगळा.

नारायणपेठी

सगळं केलं. रूपांतर तिन्ही यंत्रांवर चालवून फाइली ओळीला ओळ ताडल्या, कुठेही फरक नाही. तपासणीसाठी पाच तारखा कायमच्या ठेवल्यात: १२ जुलै १९६१, ५ मार्च १९४४, जुलै १९४२ मधली एक, १९०६ च्या आधीची एक, आणि ती ३० फेब्रुवारी. भिजलेल्या रजिस्टरांचं काम या पावसाळ्यात पुरं होईल.

काल काका आले होते. जादा घेतलेली वर्गणी परत दिली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. १४ ऑक्टोबर १९३८. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि तारीख मोठ्याने वाचली.