मदत हवी आहे: वेगवेगळ्या समाजांतल्या लोकांबरोबर काम करायला कसं शिकावं?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या डिचोलीचा, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. मासळी वाळवायचा सौर ड्रायर हा आमचा प्रकल्प. गटात एक जण केरळचा, एक मुलगी मणिपूरची आणि एक मित्र मडगावकडचा. तो कोकणी रोमी (म्हणजे रोमन) लिपीत लिहितो, मी देवनागरीत. एकमेकांचे मेसेज अडखळत वाचतो.

मे महिन्यात साळशेतच्या किनाऱ्यावर नमुना घेऊन गेलो. पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायची, मासळी वाळवणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "हे ट्रे धुवायचे कसे? आणि उचलणार कोण?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. तापमान, हवेचा प्रवाह सगळं मोजलं होतं, पण त्या काम कशा करतात हे बनवण्याआधी विचारलंच नव्हतं.

दुसरी चूक फक्त माझी. सुट्टी आहे म्हणून सादरीकरणाचा सराव मी ३ डिसेंबरला ठेवला. त्या दिवशी जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त! मित्र काही बोलला नाही, नुसता आला नाही. ते गप्प राहणं अजून मनात सलतंय.

अभियांत्रिकी शिक्षणाला देशादेशांत परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ पासून पूर्ण सदस्य आहे. विविधतेच्या गटात काम करता येणं हा त्यात अभियंत्याकडून अपेक्षित गुणांपैकी एक, पण आमच्या वेळापत्रकात त्याचा तास नाही.

मला विचारायचंय ते हे: गावात आधी कुणाला भेटावं, काय विचारावं? रोमी कोकणी वाचायला कुठून सुरुवात करू? आणि मित्राशी हा विषय कसा काढू? ज्यांनी अशा गटांत काम केलंय त्यांनी कृपया अनुभव सांगा.